दर्भाचा कावळा: निशी-कसाईतल्या एका अडलेल्या हाताचं प्रकरण

आधी प्रकरण काय आहे ते सांगून टाकते. व्यक्ती म्हणजे मीच, वय तेव्हा एकोणचाळीस, काम चित्रं काढायचं, लहान मुलांची पुस्तकं, दिवाळी अंकातल्या कथांची रेखाटनं, कधी एखाद्या कंपनीचं कॅलेंडर. गाव सांगली. २०१८ पासून मुक्काम टोकियोत निशी-कसाईला, कारण नवऱ्याचं आयटीतलं काम इथं, आणि माझं काय, टॅब्लेट घेऊन कुठंही बसलं तरी काम होतं असं आम्हाला वाटलेलं. अडचण अशी की मे २०२१ पासून पुढचे सोळा महिने मी दाखवण्यासारखं एकही चित्र काढलं नाही. काढत होते, रोज काढत होते, पण सगळं मेलेलं, आणि ते आपलं आपल्याला कळतं, भाकरी फुगणार नाही हे जसं तव्यावर टाकल्या टाकल्या कळतं तसं.

हे लिहायचं कारण म्हणजे सांगलीला गेलं की प्रत्येकजण विचारतो, जपानला राहतेस म्हणजे काय मज्जा, किती सुचत असेल ना तिथं! सुचलं, नाही असं नाही. पण ते ज्या वाटेनं आलं ती वाट कचऱ्याच्या जाळीवरून गेलेली, आणि हे लग्नाच्या पंगतीत उभ्या उभ्या सांगता येत नाही.

निशी-कसाईबद्दल थोडं. तोझाई मेट्रो लाइनवरचं हे स्टेशन १९७९ चं, दक्षिणेकडचा बराच भाग समुद्रात भराव घालून केलेला, म्हणजे जुनी देवळं, चहाघरं, किमोनो वगैरे काय नाही, बिल्डिंगा, शाळा, बागा आणि सायकलीच सायकली. २००० च्या आसपास आपले आयटीवाले इथं यायला लागले आणि आता आमच्या एदोगावा वॉर्डात भारतीय इतके की २०१९ ला वॉर्डाच्या असेंब्लीवर मराठी माणूस निवडून आला. उडीद डाळ, हिंग, कढीपत्ता सगळं चालत जाऊन मिळतं. सांगायचा मुद्दा, ज्याला लोक जपान म्हणतात ते बघायला आम्हाला पण ट्रेननंच जावं लागतं.

आणि पहिली तीन वर्षं मी तेच केलं. दर शनिवारी ट्रेन. कामाकुराचा बुद्ध, यानाकाच्या गल्लीतली मांजरं, देवळांच्या लाल कमानी, साकुरा तर दर वर्षी, फुजी दिसला की फुजी. अकरा वह्या भरल्या. पुण्याच्या एका संपादकबाईंना त्यातलं निवडून पाठवलं तर त्यांचा व्हॉइस मेसेज आला, "छान आहे गं, पण चहाच्या डब्यावरचं वाटतंय." दोन दिवस मी त्यांच्यावर चिडून होते, तिसऱ्या दिवशी वह्या उघडल्या आणि डबेच दिसायला लागले. कमान काढताना मी कमान बघतच नव्हते, आधी कुणीतरी सुंदर म्हणून ठेवलेली कमान गिरवत होते. आता जे ते वाबी-साबी म्हणजे अपूर्णातलं सौंदर्य आणि इकिगाई म्हणजे जगण्याचं कारण असले रील फिरतात ना, त्यांचा मला राग येतो तो याच्यासाठी, कारण मी स्वतः तीन वर्षं तेच केलंय.

मग २०२१. मेच्या शेवटी आई गेली, सांगलीत, कोविडनं. १४ मेपासून जपाननं नियम केलेला की भारतात जाऊन आलेल्या परदेशी माणसाला परत आत घेणार नाही, इथला रहिवासी असला तरी. म्हणजे मी गेले असते तर परत कधी येणार ते देवाला माहीत, आणि लेक इथं तिसरीत. नाही गेले. सगळं फोनवर बघितलं, दादानं मोबाईल धरलेला, नेटवर्क जात येत होतं. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

त्यानंतर हात गेला. लोक म्हणाले दुःखातून कला येते. माझं तरी काय आलं नाही, डोकं दुखायचं फक्त. एका लहान मुलांच्या पुस्तकाचं काम घेतलेलं ते दोनदा पुढं ढकललं, २०२२ च्या दिवाळी अंकाच्या दोन कथा आलेल्या, त्या सप्टेंबर उजाडला तरी कोऱ्याच.

आता जागेची एक गोष्ट, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही मोठ्या सरकारी वसाहतीतून मागच्या गल्लीतल्या तीन मजली छोट्या बिल्डिंगीत राहायला आलो, भाडं कमी म्हणून. वसाहतीत कचऱ्याची बंद खोली होती. इथं तसं नाही, गल्लीच्या कोपऱ्यावर विजेच्या खांबाखाली जागा ठरलेली, आठवड्यातून दोनदा 'मोएरु गोमी' म्हणजे जळणारा कचरा, पिशव्या ठेवायच्या, वर जाळी टाकायची कारण कावळे फाडतात, गाडी येऊन गेली की जाळी घडी करायची, रस्ता झाडायचा, सांडलं असेल तर पाणी मारायचं. हे काम घराघरात आठवड्यानं फिरतं, त्याला 'तोबान' म्हणतात, पाळी. पाळी आली की दारावर एक छोटी पाटी लटकते. माझ्या दारावर ती पहिल्यांदा लटकली १८ सप्टेंबरला, रविवारी रात्री.

दुसऱ्या दिवशी सोमवार १९ सप्टेंबर. तिकडं भाद्रपदातली अविधवा नवमी, वर्षश्राद्ध झाल्यानंतरचा आईचा पहिलाच पितृपक्ष. इकडं वडीलधाऱ्यांच्या सन्मानाची राष्ट्रीय सुट्टी, दर सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी असते ती, पण कचऱ्याची गाडी सुट्टी असली तरी येते. आणि दक्षिणेकडच्या क्युशू बेटावर चौदा नंबरचं वादळ येऊन धडकलेलं, इथं वादळांना नंबर असतात, त्याच्यामुळं टोकियोत पण मध्येच धो धो पाऊस मध्येच ऊन. हे तिन्ही एका सकाळी.

श्राद्ध सांगलीत दादा करत होता, माझ्यावर काय बंधन नव्हतं. पण पहाटे जाग आली आणि उठून खीर केली तांदळाची, वडे तळले, आमसुलाची चटणी, आळू नव्हतं म्हणून पालकाची पातळ भाजी. साडेसातला खाली जाऊन जाळी टाकून आले. मग कागदी डिशमध्ये सगळं थोडं थोडं वाढून तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत कठड्याच्या रुंद पट्टीवर ठेवलं, खाली दगड कारण वारा, आणि आत काचेमागं उभी राहिले.

वायरीवर चार कावळे होते. इथला कावळा आपल्या गावकावळ्यासारखा मानेत राखाडी नसतो, सगळाच काळा, आपल्या डोमकावळ्याच्या जातीतला, चोच अशी जाड आणि कपाळ उभं. नावच हाशिबुतो-गारासु, जाड चोचीचा. चौघांनी डिशकडं बघितलं. मी म्हणाले, आई ये. मग जे आपण म्हणतो ते सगळं म्हणून बघितलं, आण्णांना सांभाळू, पोरीला मराठी शिकवू, दिवाळीला येऊ. एकानं मान वाकडी केली आणि खाली झेप टाकली, सरळ कचऱ्यावर. माझ्याच जाळीची कड उचलून माझीच पिशवी ओढली आणि फाडून काय काढलं तर काल रात्रीच्या पावाचा तुकडा. वर खीर-वडे ठेवलेत आणि हा खाली उष्टा पाव खातोय.

मी धावत खाली. समोरच्या घरातल्या आज्जी झाडू घेऊन आधीच तिथं, कावळ्याला ओरडतायत. दोघींनी मिळून गोळा केलं. वर येऊन बघते तर पावसाची सर येऊन गेलेली, खिरीत पाणी. अकरा वाजले, बारा वाजले, कावळा शिवला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या टपालपेटीत बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीचा कागद. नाव नाही, काही नाही, नेहमीसारखी अतिशय गोड भाषा, बाल्कनीत पक्ष्यांना खाणं ठेवू नये, सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार. आठ घरांत पेपर टाकले पण बोलणं एकाशीच चाललेलं. लाजेनं मी दोन दिवस लिफ्ट सोडून जिन्यानं गेले. त्यांचं चूक होतं असं पण नाही हां, टोकियोत कावळ्यांचा प्रश्न खराच आहे. २००१ मध्ये मोजणी झाली तेव्हा शहरात सुमारे ३६,४०० कावळे निघाले, मग तेव्हाचे गव्हर्नर शिंतारो इशिहारा यांनी मोहीमच काढली, पिंजरे लावले, जाळ्या आल्या, आणि वीस वर्षांत आकडा एक तृतीयांशाच्याही खाली गेला. म्हणजे ज्याची आम्ही हात जोडून वाट बघतो त्याला इथं जाळी टाकून लांब ठेवतात. आणि तरी यांच्या फुटबॉल टीमच्या छातीवर तीन पायांचा कावळाच आहे, यातागारासु, वाट दाखवणारा. असो.

त्या रात्री दादाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, "अगं एवढं काय त्यात, हितं नदीवर सुद्धा कधी कधी शिवत न्हाई. मग गुरुजी काय करतात? दर्भाचा कावळा करतात आणि त्यालाच शिवायला लावतात. तू पण कर की. तुला तर चित्रं येतात."

तो सहज बोलला, त्याला आठवत पण नाही आता. मी फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्याशी उभी होते. दर्भाचा कावळा. खरा येत नाही म्हणून हातानं केलेला, आणि तो चालतो, विधीत चालतो, त्याला कुणी खोटा म्हणत नाही. मी वीस वर्षं चित्रं काढते पण चित्र म्हणजे काय हे मला कुणी एवढ्या कमी शब्दांत सांगितलं नव्हतं.

इथून प्रकरण वळलं. पण लगेच चित्र झालं असं नाही, रात्री बसून काढलेले सात कावळे सातही वाईट, कारण कावळा मी कधी बघितलेलाच नव्हता. चिमणी, पोपट, मोर काढून काढून हात बसलेला, कावळा आला की काळा ठिपका आणि चोच, झालं. तोबान रविवारपर्यंत होता. कचऱ्याचे दिवस सोमवार आणि गुरुवार. गुरुवारी मी जाळी टाकली आणि वर न जाता तिथंच भिंतीला टेकून खिशातली वही काढली.

नंतर पाळी संपली तरी जात राहिले. पावणेआठ ते गाडी येईपर्यंत, चाळीस मिनिटं म्हणा. तेव्हाची वही समोर आहे, त्यातलं जसंच्या तसं: "आधी वायर. मग खांबाचं टोक. मग रस्ता पण जाळीपासून चार हात लांब. सरळ कधी येत नाही, तिरका तिरका, आपल्याकडं पाठ करून येतो पण बघत असतो. जाळीची कड चोचीत, मागं दोन पावलं, मग कडेवर पाय. पाय दिल्यावर चोच मोकळी. ओला असला की काळा नसतो, निळा, जांभळा, मानेवर हिरवट." हे शेवटचं वाक्य मी समोरच्या आज्जींना दाखवलं, मराठी होतं पण बोटानं रंग दाखवले, तर त्या म्हणाल्या, नुरेबा-इरो. ओल्या पंखाचा रंग. बायकांच्या सुंदर काळ्या केसांना जपानीत हाच शब्द लावतात म्हणे. माझ्या आईचे केस पांढरे व्हायच्या आधी असेच होते, तेल लावून उन्हात बसली की निळे दिसायचे.

आज्जींचं आणि माझं जुळलं ते पण याच आठवड्यात. माझ्या मोडक्या जपानीत मी सांगितलं, आई, मेली, कावळा, जेवण. त्या एकदम म्हणाल्या, आँ, ओहिगान नं! शरद संपाताच्या मागंपुढं सात दिवस यांचं पण पितरांचंच असतं, त्या वर्षी २० ते २६ सप्टेंबर, आणि आपली सर्वपित्री आली २५ ला, बरोब्बर त्यातच. २३ ला त्यांनी ओहागी आणून दिल्या, भाताचा गोळा आणि वरून लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, खरंच पुरणच ते, फक्त वेलदोडा नाही. आणि देताना बजावून सांगितलं की घरात फोटोपुढं ठेव, कावळ्याला नको. अगदी करड्या आवाजात. त्या कागदामागं त्याच होत्या की काय असा मला आजपण संशय आहे.

आता चित्राकडं. लेक चौथीत गेलेली आणि इथं साधारण चौथीत शाळेत मुलांना लाकडावर कोरायला शिकवतात, प्रत्येकाचा स्वतःचा चोकोकुतो म्हणजे कोरायच्या सुऱ्यांचा संच असतो, प्लॅस्टिकच्या डबीत पाच सुऱ्या. तिचा डबा टेबलावर पडलेला. टॅब्लेटवर कावळा काही केल्या बसत नव्हता, काळा रंग ओतला की सपाट, अनडू, परत ओतला, अनडू, आणि अनडू आहे म्हणून मी कुठंच ठरत नव्हते. लेकीची व्ही आकाराची सुरी घेतली आणि शिना नावाच्या मऊ लाकडाच्या प्लायवुडच्या तुकड्यावर एक पंख ओढला. अनडू नाही. जे गेलं ते गेलं. सोळा महिन्यांत पहिल्यांदा पाठीत सरळ झाल्यासारखं वाटलं.

वॉर्डाच्या हॉलमध्ये महिन्यातून दोन शनिवार लाकडी ठशांचा वर्ग भरतो, तिथं नाव घातलं. सेन्सेई, म्हणजे शिकवणारे गुरुजी, सत्तरीचे, बोलणं कमी. पहिल्या दिवशी फक्त 'केंतो' शिकवलं, ठोकळ्याच्या कोपऱ्यात एक काटकोनाची खाच आणि कडेला एक सरळ खाच, कागद दर वेळी त्याच दोन खाचांत बसवायचा म्हणजे दुसरा रंग पहिल्यावर बरोबर येतो. बस एवढंच, पण शेकडो वर्षं सगळी रंगीत ठसाचित्रं या दोन खाचांवर उभी आहेत. रंग पाण्यातला, त्यात भाताची खळ, कागद आदल्या रात्री ओलावून ठेवायचा, वरून घासायला बारेन म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेली गोल चकती.

सेन्सेईंनी विचारलं काय काढणार, मी म्हणाले कावळा, कचऱ्याच्या जाळीपाशी. त्यांनी दोन नावं सांगितली आणि जाऊन बघून ये म्हणाले.

पहिलं हिरोशिगे, जुना ठसाचित्रकार. त्याची एडोच्या म्हणजे जुन्या टोकियोच्या शंभर प्रसिद्ध ठिकाणांची मालिका १८५६ ते ५८ ची, नाव शंभरचं पण चित्रं जास्त. त्यात एक सुसाकीचं आहे, बर्फात वरून अख्खा गरुड पंख पसरून खाली बघतोय, खाली दलदल, पाण्यात तरंगणारं एक पिंप, लांब त्सुकुबा डोंगर. ही जागा कुठं? आमच्याच तोझाई लाइनवर, किबा स्टेशनजवळ, निशी-कसाईपासून तिसरं स्टेशन! मी तीन वर्षं कामाकुरापर्यंत जात होते आणि हे वाटेत पडत होतं. चित्रातला तो सगळा भाग जुमान-त्सुबो, म्हणजे एक लाख त्सुबो, त्सुबो म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर, भराव घातलेली जमीन. १७९१ ला समुद्राची मोठी लाट आत आली, घरं माणसं गेली, मग सरकारनं तिथं राहायलाच बंदी केली आणि दगड रोवले. सुसाकी देवळात त्यातला दगड अजून आहे, झिजलेला, बघायला गेले तर शेजारी एक माणूस डबा खात बसलेला. म्हणजे गरुडाच्या खाली रिकामी दलदल आहे ती काही नुसतं निसर्गसौंदर्य नाही, त्या भागात माणसं मेलीत. हे कळल्यावर ते पिंप बघायची हिंमत होईना.

त्याच मालिकेत नाइतो शिंजुकूचं चित्र आहे, त्यात समोर काय तर घोड्याचं ढुंगण. चित्राची अर्धी जागा घोड्याच्या मागच्या पायांनी अडवलेली, खाली शेण, आणि गाव त्या पायांच्या फटीतून. हे बघून मी मोठ्यानं हसले. प्रसिद्ध ठिकाण काढायला सांगितलंय आणि हा माणूस बघणाऱ्याच्या नाकासमोर घोड्याचं बूड ठेवतो. पण तीच गंमत आहे, जे आड येतंय तेच त्यानं मोठं काढलं.

दुसरं नाव क्योसाई, चित्रकार कावानाबे क्योसाई, १८३१ ते १८८९. याचं छोटं म्युझियम टोकियोशेजारच्या साइतामात वाराबीला आहे, त्याच्या पणतीनं १९७७ ला सुरू केलेलं. यानं १८८१ च्या राष्ट्रीय प्रदर्शनात सुकलेल्या फांदीवरचा एकच कावळा ठेवला, शाईतला, आणि किंमत लावली शंभर येन. तेव्हा लोक म्हणाले एका कावळ्याला शंभर येन? चित्राला बक्षीस मिळालं आणि टोकियोतल्या निहोनबाशीच्या एका मिठाईवाल्यानं ते शंभर येन मोजून घेतलं. ही किंमत कावळ्याची नाही, इतकी वर्षं गिरवलं त्याची, असं क्योसाईनं उत्तर दिलं म्हणून सांगतात. मला त्याहून भारी वाटली ती त्याची चित्रांची रोजनिशी, रोज कोण आलं, काय खाल्लं, सगळं भराभर रेघांत. त्याच्याकडं शिकायला एक इंग्रज यायचा, जोसाया कोंडर, १८७७ ला सरकारनं बोलावलेला आर्किटेक्ट, दिवसा दगडविटांच्या मोठ्या इमारती आणि शिकवणीच्या दिवशी गुरूपुढं ब्रश, तो पण त्या रोजनिशीत आहे. परदेशातून येऊन इथं राहिलेला माणूस, काम एक आणि ओढ दुसरी, मला तो एकदम ओळखीचा वाटला.

तर मी केलं काय. गरुड वरून खाली बघतो, मी पण तिसऱ्या मजल्यावरून खालीच बघत होते. घोडा आड येतो, माझ्या आड काय येत होतं तर कठडा आणि ती डिश. म्हणून चित्रात समोर जवळ जवळ अर्ध्यात कठड्याचे गज, वर कागदी डिश, खिरीत पाणी साठलेलं, वड्याची कड दिसते. गजांच्या फटीतून खाली लांब पिवळी जाळी आणि तिच्यावर पाठमोरा कावळा. एवढंच. सुंदर म्हणावं असं त्यात काहीही नाही.

तीन ठोकळे. पिवळा जाळीचा, निळा आणि काळा. निळा म्हणजे इथं ज्याला बेरो म्हणतात तो प्रशियन ब्लू, बर्लिनवरून बेरो, हिरोशिगेचं सगळं पाणी आणि आकाश त्याच्यावरच आहे. आधी कावळ्याखाली बेरो आणि वरून शाईचा काळा, म्हणजे आतून ओल्या पंखाचा निळा येईल असा हिशोब. जाळी कोरताना मी रडकुंडीला आले, बारीक चौकटी तुटायच्या, शेवटी लेकीला एक कोपरा दिला तिनं वाकड्या तिकड्या चौकटी कोरल्या आणि तोच कोपरा खऱ्या जाळीसारखा दिसतो, माझा भाग खिडकीच्या जाळीसारखा.

काळ्यानं खूप छळलं. खळ कमी पडली की किंवा बारेन हलका पडला की काळ्यात पांढरे बारीक ठिपके राहतात. पहिले चार ठसे तसेच आले. मी घाबरत सेन्सेईंना दाखवले, ते म्हणाले ही गोमा-झुरी, गोमा म्हणजे तीळ, तिळासारखं छापलंय, चूक आहे पण काही लोक मुद्दाम करतात. मग खळ वाढवून जोर लावून स्वच्छ काळे काढले पाच. शेजारी शेजारी लावून बघितलं तर स्वच्छ काळा म्हणजे कापलेला कागद, आणि तिळाचा काळा म्हणजे पावसात भिजलेला पक्षी. वर तीळ. दादा तिकडं काळे तीळ घेऊन पाणी सोडतो आणि माझ्या कावळ्याच्या पाठीवर तीळ सांडलेत. हे मी ठरवून केलं असतं तर फालतू वाटलं असतं.

एकूण अकरा ठसे, ठेवण्यासारखे चार. नोव्हेंबर संपत आलेला. मधे २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होऊन गेलं, दिवाळी अंक माझ्याशिवाय निघाला, ते काम दुसऱ्या कुणाला गेलं आणि संपादकांचं बरोबरच होतं. मुलांच्या पुस्तकाचा ॲडव्हान्स परत केला. म्हणजे पैशाच्या बाजूनं बघितलं तर हे प्रकरण साफ तोट्यातलं आहे, सुऱ्या, कागद, वर्गाची फी धरून आणखी तोट्यातलं. कमाई एवढीच की डिसेंबरात त्या कचऱ्याच्या कोपऱ्याचेच आणखी पाच ठसे झाले, जाळी घडी करणारे आज्जींचे हात, पाण्याचा ओघळ, रिकामी वायर. आणि संपादकबाईंना पाठवल्यावर त्या डब्याबद्दल काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, हा वडा आहे का?

आता माझं मत. सांगलीत असते तर हे चित्र झालं नसतं, कारण तिथं कावळा साडेअकराला शिवला असता आणि आम्ही जेवायला बसलो असतो. जपाननं मला सौंदर्य दिलं म्हणून सुचलं नाही, जपाननं अडवलं म्हणून सुचलं. विमान अडवलं, मग डिश अडवली, कागद पाठवला, आणि कोपऱ्यावर उभं राहायची पाळी लावली. अडल्यावर माणूस थांबतो आणि थांबला की बघतो, नाहीतर मी परत कामाकुराची ट्रेन पकडली असती. भाषा येत नाही त्याचा पण फायदा झाला असं मला वाटतं, खांबावरची सूचना वाचता आली असती तर मी सूचना वाचली असती, खांबाकडं बघितलं नसतं. पण हे सगळ्यांना लागू आहे का, मला नाही वाटत. माझी एक मैत्रीण क्योतोला मॉसच्या बागेत बसून झकास कविता लिहिते, तिला कचरा वगैरे काही लागला नाही.

जानेवारीत एक ठसा कुरिअरनं सांगलीला पाठवला. दादानं फ्रेम करून आईच्या फोटोखाली लावला आणि व्हिडिओ कॉल केला. आण्णा खुर्ची ओढून समोर बसलेले, चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं.

"चांगलाय," म्हणाले. "पण पाठ करून का बसलाय हा?"

मी म्हणाले तो तसाच बसायचा आण्णा.

"असंल. पण असा शिवायचा न्हाई तो. तोंड इकडं कर त्याचं."

म्हणून आता नवीन ठोकळा टेबलावर आहे. चोच झालीय, गळ्याखालची पिसं झालीत. डोळ्याची जागा अजून कोरी ठेवलीय, कारण कावळा समोरून बघतो तेव्हा दोन्ही डोळ्यांनी बघतो की मान वाकडी करून एकानंच, ते सोमवारी खाली जाऊन बघायचंय.